घशात करलीचा काटा, एक्स-रे मात्र ‘नॉर्मल’. आता काय करावं?

सुरंगी | सोमवार, सकाळी ७:५०

नमस्कार मंडळी. वेंगुर्ल्याहून लिहितेय. शनिवारी दुपारी जेवताना बाबांच्या (वय ७१) घशात करली माशाचा काटा अडकला. आम्ही घरी जे सगळे करतात ते केलं: भाताचे गोळे, पिकलेलं केळं, वर आमसुलाचं पाणी. काही उपयोग झाला नाही. रविवारी जवळच्या एका दवाखान्यात नेलं. तिथे जीभ दाबून टॉर्चने घसा बघितला, मानेचा बाजूने एक्स-रे काढला आणि “नॉर्मल आहे, काटा गेलाय, ओरखडा राहिला असेल” म्हणून गोळ्या देऊन घरी पाठवलं.

आज तिसरा दिवस. लाळ गिळतानाही टोचतं, आणि दर वेळी एकाच जागी. कंठमण्याच्या खाली, डावीकडे, बोट ठेवून दाखवतात. काल रात्रीची पेजसुद्धा अर्धीच प्यायले. ताप नाही.

एक्स-रेत दिसला नाही म्हणजे काटा नाहीच, असं धरायचं का? चुलतभाऊ म्हणतो बेरियम (एक्स-रेत पांढरं उमटणारं पेय) पाजून फोटो काढ. बाबा म्हणतात, आपोआप जाईल, एवढ्यासाठी गाडी करून कुठे जायचं नाही. मला मात्र रात्रभर झोप नाही.

---

तिरफळ | सोमवार, ८:१५

सुरंगीताई, काळजी करू नका. आमच्याकडे आजी काटा अडकला की ताट उलटं फिरवायची आणि सुक्या भाताचा लिंबाएवढा गोळा न चावता गिळायला लावायची. दहातल्या नऊ वेळा जायचा. करली म्हटली की आमच्या घरात जेवताना बोलायलाच बंदी होती. टीव्हीसुद्धा बंद.

---

पडवी | सोमवार, ८:४०

मी बावीस वर्षं एक्स-रे काढतोय, रत्नागिरी जिल्ह्यात. ताईंच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नाही, तसं धरायचं नाही.

एक्स-रे म्हणजे सावली. किरण शरीरातून आरपार जातात, वाटेत कॅल्शियम जास्त असेल तिथे अडतात आणि फोटोत ती जागा पांढरी उमटते. मणका पांढरा, हवा काळी, मांस करडं. माशाचा काटा हाड असलं तरी केसाहून थोडा जाड, त्यात चुना तो किती! तांदळात पडलेला काळा खडा लगेच दिसतो, पण तांदळाचीच कणी पडली तर डोळे फोडून बघावं लागतं. काट्याचं तसंच आहे. कोंबडीचं किंवा मटणाचं हाड अडकलं तर बहुतेक वेळा दिसतं. बारीक काटा पुष्कळदा दिसत नाही.

आणखी एक अडचण. समोरून फोटो काढला तर घशाच्या मागे मणका येतो, त्यात काटा हरवतो, म्हणून आम्ही बाजूने काढतो. पण काटा अन्ननलिकेत आडवा बसला असेल तर बाजूच्या फोटोत त्याची लांबी दिसत नाही, नुसता ठिपका दिसतो. आणि खांदे वर राहिले तर मानेचा खालचा भाग खांद्यांच्या सावलीत बुडतो. वयस्कर माणसाला “खांदे खाली सोडा, अजून सोडा” असं मी चार-चार वेळा सांगतो, कारण काटा बसायची जागा नेमकी तिथेच असते.

उलटीही फसगत होते. पन्नाशीनंतर स्वरयंत्राच्या कूर्चांमध्ये, म्हणजे मऊ हाडांमध्ये, चुना भरत जातो. कंठमण्याची वरची शिंगं, मागची पट्टी, आणि तिथेच एक इवलीशी कूर्चा असते जिला लॅटिनमध्ये गव्हाच्या दाण्यावरून नाव पडलंय. फोटोत या सगळ्या हुबेहूब काट्यासारख्या दिसतात. म्हणजे असलेला काटा दिसत नाही आणि नसलेला दिसतो.

मग हा फोटो काढतात कशाला? काट्याने केलेल्या परिणामांसाठी. मणक्यासमोरच्या मांसाची जाडी मोजतात: मोठ्या माणसात तिसऱ्या मणक्यासमोर साधारण ७ मिलिमीटरपर्यंत, सहाव्यासमोर २२ पर्यंत चालते. त्याहून फुगली तर सूज. मांसात हवेचा काळा पट्टा दिसला तर भोक पडल्याची शंका.

ताई, तो फोटो पुन्हा नीट बघून घ्या कोणाकडून तरी. आणि बाबांना आजच कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्या.

---

घाटमाथा | सोमवार, ९:०५

हल्ली साधा काटा अडकला तरी एक्स-रे, सीटी, स्कोप. आमच्या लहानपणी यातलं काही नव्हतं आणि माणसं मासे खातच होती. तिरफळ म्हणतात ते बरोबर वाटतं. उगाच खर्चात पडू नका.

---

रापणकर | सोमवार, ९:२०

घाटमाथा, तुमी घाटार रवतास, तुमका काट्याचो अनुभव कितको? :)

गेल्या पावसात माझ्या काकाच्या घशात तारल्याचो काटो अडाकलो. तीन दिवस टोचता टोचता करीत बसललो. आवशीन भाताचो गोळो भरयल्यान, काय्येक झाला नाय. शेवटाक डॉक्टरान नाकातसून बारीक कॅमेरो घालून बघितल्यान, टॉन्सिलात रुतललो. चिमट्यान काढल्यान, दोन मिनटांचा काम. काको भायर इलो नी पयलो प्रश्न, “आज बाजारात काय इला?”

---

शिंपला | सोमवार, १०:३०

मी कान-नाक-घसा तज्ज्ञ आहे, सिंधुदुर्गातच. ओपीडीच्या मधल्या वेळात लिहितोय.

सुरंगीताई, तुमच्या वर्णनातल्या चार गोष्टी मला आवडल्या नाहीत: दर वेळी एकच जागा, कंठमण्याच्या खाली, लाळ गिळताना दुखणं, आणि तिसऱ्या दिवशी कमी होण्याऐवजी खाणंपिणं घटणं. ओरखड्याचं दुखणं एक-दोन दिवसांत उतरत जातं, आणि ते बऱ्याचदा “घशात कुठेतरी” असं पसरट असतं. तेव्हा आजच निघा. आत्तापासून बाबांना काही खायला-प्यायला देऊ नका, भूल द्यावी लागली तर पोट रिकामं हवं. रोजच्या गोळ्यांचं तेवढं फोनवर विचारून घ्या.

आता काटा बसतो कुठे, ते सांगतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल.

घास तोंडातून निघाला की पहिली अडचण टॉन्सिलची. त्यात खळगे असतात, काटा खिळ्यासारखा घुसतो. मग जिभेचं मूळ, तेही खडबडीत. त्याच्या मागे, स्वरयंत्राच्या झाकणापुढे, दोन छोट्या वाट्या असतात. भाताची शितं तिथे अडकलेली आम्ही रोज बघतो. त्याखाली स्वरयंत्राच्या दोन्ही अंगांना नासपतीच्या (पेअर फळाच्या) आकाराचे दोन खड्डे. इथपर्यंतचं सगळं आरशाने किंवा नाकातून घातलेल्या बारीक दुर्बिणीने डोळ्यांना दिसतं. माशांचे बहुतेक काटे या वरच्या भागातच सापडतात. जीभ दाबून टॉर्चने मात्र जेमतेम टॉन्सिल आणि पडजीभ दिसते. त्यापलीकडचं काहीच नाही.

या खड्ड्यांच्या खाली अन्ननलिकेचं दार. तिथे एक स्नायू गळ्याभोवती कायम आवळलेला असतो आणि गिळताना क्षणभर सैल होतो. ही जागा पुढच्या दातांपासून साधारण १५ सेंटिमीटरवर, मानेच्या सहाव्या मणक्यासमोर. पुढे २५ सेंटिमीटरची नळी सरळ दिसली तरी एकसारखी रुंद नाही. महारोहिणीची, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीची, कमान तिला दाबते दातांपासून साधारण २२ सेंटिमीटरवर, डावी श्वासनळी २७ वर, आणि शेवटी छाती-पोटामधल्या पडद्यातून पोटात शिरताना ४० वर. जे काही अडकतं ते या चिंचोळ्या जागांवर, आणि सगळ्यांत जास्त त्या पहिल्या दारापाशी. ताईंच्या बाबांचं बोट त्याच्याच आसपास पडतंय.

भाताच्या गोळ्याबद्दल. वर टॉन्सिलात हलकासा टोचलेला काटा गोळ्याने निघूनही जातो, म्हणून आजीबाईंचा दहात नऊचा हिशेब खरा वाटतो. पण तोच गोळा दाराशी आडव्या बसलेल्या काट्यावर जाऊन आदळला तर काटा भिंतीत रुततो. अन्ननलिकेला बाहेरून आतड्यासारखं मजबूत आवरण नसतं. भोक पडलं तर जंतू थेट छातीच्या पोकळीकडे उतरतात. मी असे रुग्ण पाहिलेत, म्हणून तळमळीने सांगतोय. आमसूल, व्हिनेगर, लिंबू यांनी काही मिनिटांत काटा विरघळत नाही.

बेरियमबद्दल चुलतभावांना सांगा, आत्ता नको. बेरियम आतल्या भिंतीला चुन्यासारखं लिंपून बसतं, मग दुर्बिणीत काही दिसत नाही आणि सीटीतही काटा त्याच्या पांढऱ्यात बुडतो. शिवाय भोक पडलेलं असेल तर ते बाहेर सांडतं आणि तिथून निघत नाही.

---

तिरफळ | सोमवार, १०:४५

डॉक्टर, धन्यवाद. सकाळी मी घाईने लिहिलं. सुरंगीताई, माझा गोळा विसरा आणि निघा.

---

घाटमाथा | सोमवार, ११:१०

माझं मत खर्चाबद्दल होतं आणि ते अजूनही आहे. पण डॉक्टरांनी सांगितलेली १५ सेंटिमीटरची गोष्ट मला माहीत नव्हती. एक विचारतो: वरचं सगळं दुर्बिणीने दिसतं तर आधी एक्स-रे का काढतात?

---

शिंपला | सोमवार, १:३५

रास्त प्रश्न. आधी डोळ्यांनी बघावं, हाच क्रम योग्य. वर काटा सापडला तर फोटोची गरजच नाही. सापडला नाही आणि त्रास आहे, तर मी साध्या एक्स-रेवर न थांबता सीटी सांगतो. मिलिमीटरभर जाडीच्या चकत्यांत काटा, त्याची दिशा, भिंतीबाहेर किती गेलाय, शेजारची रक्तवाहिनी किती लांब, सगळं कळतं. पडवी यांचा एक्स-रे मला हवेच्या आणि सुजेच्या खुणांसाठी लागतो, विशेषतः जिथे रात्री सीटी मिळत नाही तिथे. आपल्याकडे अशी गावं कमी नाहीत.

---

दंतकथा | सोमवार, २:००

दापोलीत दातांचा दवाखाना आहे माझा. सुरंगीताई, बाबांना वरची कवळी आहे का?

विचारण्याचं कारण, काटा ओळखायचं काम जीभ आणि टाळू मिळून करतात. जीभ घास टाळूवर दाबते, टोचलं की आपण तो बाजूला काढतो. वरच्या कवळीने टाळू झाकला की ही निम्मी जाणीव जाते. कवळीवाल्या आजी-आजोबांना मी नेहमी सांगतो, मासे सोडू नका, पण काटेरी मासा दुसऱ्या कोणाकडून निवडून घ्या.

आणि कवळी तुटून तुकडा गिळला गेला तर लगेच सांगा. ती ज्या अॅक्रिलिकची बनते ते एक्स-रेत उमटतच नाही. तारेची पकड असेल तर तेवढी तार दिसते.

---

सुरंगी | सोमवार, २:२०

दंतकथा, हो! वरची पूर्ण कवळी आहे, तीन वर्षं झाली. हे कोणीच सांगितलं नव्हतं. आम्ही निघालोय, गाडीत आहे. बाबा गप्प बसलेत.

---

वाळवण | सोमवार, ३:४५

ताई, नीट जा. तुमची वाट बघता बघता माझा अनुभव लिहिते, मुलाचा.

तो अडीच वर्षांचा असताना नाणं गिळलं. अलिबागला एक्स-रे काढला, समोरून अख्खा गोल रुपया. तंत्रज्ञ दादा म्हणाले, “गोल दिसतोय म्हणजे अन्ननलिकेत आहे.” मला तेव्हा काही समजलं नाही. नाणं काढलं, मुलगा ठीक. पण ते वाक्य डोक्यात राहिलं. पडवी, ते असं का?

---

पडवी | सोमवार, ५:१०

अन्ननलिका पुढून-मागून चपटी, मिटलेल्या पिशवीसारखी. नाणं तिच्यात रुंदीला आडवं बसतं, म्हणून समोरच्या फोटोत पूर्ण गोल. श्वासनळीच्या कड्या घोड्याच्या नालेसारख्या, मागच्या बाजूला उघड्या. त्यात गेलेलं नाणं बहुधा उभ्या धारेने बसतं, समोरून नुसती रेघ दिसते.

पण वाळवणताई, इथे सगळ्या आईबापांसाठी एक सांगायलाच हवं. रिमोट, खेळणी, वजनकाटा यांतला बटण सेलही फोटोत नाण्यासारखाच गोल दिसतो. नीट पाहिलं तर त्याच्या कडेला आत दुसरं वर्तुळ असतं, आणि बाजूच्या फोटोत पायरी. नाणं काही तास थांबू शकतं. सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत भिंत भाजायला लागते. तेव्हा “नाणंच असेल, उद्या बघू” असं कधीही करू नका. आमच्याकडे मूल आलं की मी रांग मोडून आधी त्याचा फोटो काढतो.

---

गुहागरी | सोमवार, ६:००

बेरियमचं नाव निघालंच आहे तर माझं सांगतो, मी ते प्यायलोय.

दोन वर्षं माझा घास छातीत अडायचा. भात, भाकरी, शेवटी तर पाणीसुद्धा. रात्री झोपलं की जेवण परत तोंडात. ॲसिडिटीच्या गोळ्या खाऊन कंटाळलो. मग बेरियमचा फोटो सांगितला. पांढरं, दाट, खडूच्या पाण्यासारखं पेय. उभं राहून घोट घ्यायचा, ते पडद्यावर उतरताना बघतात. एरवी घोट आठ-दहा सेकंदांत पोटात जातो म्हणे. माझा छातीत साठून राहिला. फोटोत वर फुगलेली नळी आणि खाली पक्ष्याच्या चोचीसारखं टोक. डॉक्टरांनी चित्र बघताच नाव सांगितलं, अकॅलेझिया. नळीच्या भिंतीतल्या चेतापेशी कमी होतात आणि खालचं दार उघडत नाही. दाराचा स्नायू कापायची शस्त्रक्रिया झाली. ती पहिल्यांदा १९१३ मध्ये जर्मनीत हेलर नावाच्या सर्जनने केली होती. आज मी उकडीचे मोदक खातो.

सांगायचं ते हे की बेरियम वाईट नाही. ते हलणारं चित्र दाखवतं. काट्याला ते उपयोगाचं नाही, डॉक्टरांनी सांगितलंच.

---

काजूबोंडू | सोमवार, ६:३५

गुहागरी, बरं वाटलं वाचून. रसायनशास्त्र शिकवतो म्हणून थोडी भर. बेरियमचे पाण्यात विरघळणारे क्षार विषारी असतात. पण बेरियम सल्फेट पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, म्हणून ते आतड्यातून जसंच्या तसं बाहेर पडतं. अणुक्रमांक ५६, त्यामुळे किरण भरपूर अडवतो.

जर्मन शास्त्रज्ञ रंटजेनला एक्स-रे किरण सापडले ८ नोव्हेंबर १८९५ ला. साधारण वर्षभरात हार्वर्डमध्ये वॉल्टर कॅनन नावाचा वैद्यकीचा विद्यार्थी बदकाच्या जातीच्या हंसाला बिस्मथ या जड धातूचा क्षार खाऊ घालून त्याच्या लांब मानेतून घास उतरताना बघत होता. मान लांब, म्हणून घास जास्त वेळ दिसतो! बिस्मथने पुढे काही रुग्णांना विषबाधा झाली आणि १९१० च्या सुमारास बेरियम सल्फेट आलं. वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा मान वर करतात.

---

रापणकर | सोमवार, ७:१५

हंसाची मान बघितल्यानी, आता करलेची गजाल करूया. करलेक इतके काटे कित्याक?

---

खाडीकाठ | सोमवार, ७:५०

मी हर्णैची, घरी पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी. करली, भिंग, तारली ही सगळी एकाच गोतावळ्यातली. यांच्या मांसात पाठीच्या कण्याला न जोडलेले सुटे बारीक काटे असतात, काही तर इंग्रजी वाय अक्षरासारखे फाटे फुटलेले. कणा काढला तरी ते मांसातच राहतात. म्हणून आमच्याकडे करली शेपटीकडून चमच्याने खरवडून, मांस चाचपून, त्याच्या वड्या करतात. चव करलीचीच, आणि म्हाताऱ्या माणसाला देता येतात. बाळंतिणीला मुडदुशी, पोरांना सुरमई, हे आमच्या आयांनी ठरवलेलं उगाच नाही.

सुरंगीताई, बाबा घरी आले की सांगा, वड्यांची कृती सविस्तर लिहीन.

---

सुरंगी | मंगळवार, रात्री ९:३०

सगळ्यांना मनापासून नमस्कार. काल लिहायला जमलं नाही.

आधी कुडाळला दाखवलं. नाकातून दुर्बीण घालून बघितलं, वर काहीच नव्हतं, पण डाव्या खड्ड्यात लाळ साठलेली होती. डॉक्टर म्हणाले, खाली काहीतरी अडलंय, ही त्याची खूण. तिथून गोव्याला. रात्री सीटी झाला. काटा होता. अन्ननलिकेच्या दारापाशीच, सहाव्या मणक्यासमोर, जवळजवळ अडीच सेंटिमीटर, आडवा. डावं टोक भिंतीत रुतलेलं, बाहेर पडलेलं नव्हतं. स्क्रीनवर ती पांढरी रेघ बघितली आणि माझे पाय लटपटले. रविवारचा एक्स-रे त्यांनाही दाखवला. त्यांनी खूप वेळ बघून सांगितलं की आता जागा माहीत असूनही यात दिसत नाही. त्यामुळे पहिल्या डॉक्टरांच्या फोटोत चूक नव्हती. फोटो नॉर्मल आहे म्हणून घरी पाठवलं आणि पुन्हा कधी यायचं ते सांगितलं नाही, त्याचं मात्र वाईट वाटतं.

आज पहाटे पूर्ण भूल देऊन काढला. आधी कवळी काढून माझ्या हातात दिली. पाऊण तास लागला. दुपारी बेरियमऐवजी पाण्यात विरघळणारं औषध पाजून फोटो घेतला, भिंतीतून कुठे झिरपतंय का ते बघायला. झिरपत नाही. उद्यापासून पातळ पेज.

काटा बाटलीत घालून दिलाय. बाबा तो दर तासाला उजेडात धरून बघतात.

---

शिंपला | मंगळवार, ९:४५

फार बरं झालं ताई. ताप आला, छातीत किंवा पाठीत दुखलं, मान फुगल्यासारखी वाटली तर लगेच परत दाखवा.

---

रापणकर | मंगळवार, ९:५०

बाबांक सांगा, काटो जपान ठेवा. नातवंडांक दाखवूक होयो.

---

नवीनच | बुधवार, सकाळी ७:२०

सगळा धागा वाचला. माझ्या सासूबाईंना काल रात्रीपासून बांगड्याचा काटा टोचतोय, वर उजवीकडे. सीटीला इंजेक्शन घ्यावं लागतं का? त्यांना मूत्रपिंडाचा त्रास आहे.

---

पडवी | बुधवार, ७:३५

काटा शोधायला साधा सीटी पुरतो, इंजेक्शन लागत नाही. गळू किंवा रक्तवाहिनीची शंका असेल तरच देतात, तेव्हा मूत्रपिंडाचं आधी सांगून ठेवा. पण वर टोचतंय म्हणताय तर आधी सकाळीच घसा दुर्बिणीने बघून घ्या, कदाचित टॉन्सिलातच मिळेल. आणि भात देऊ नका.